प्रश्न क्रमांक सात

हेडक्लार्कांच्या आईने ऐंशीव्या वाढदिवसाला जी भेट मागितली, ती कुठल्याच दुकानात मिळण्यासारखी नव्हती.

"मला शाल नको, आरामखुर्ची नको, ते पाय शेकायचं यंत्र तर मुळीच नको," आई म्हणाली. "तुझा दादा आणि जावई एका टेबलावर बसलेले दिसले म्हणजे झालं. नाहीतर केक तुमचा तुम्ही कापा. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहीन."

आई बोलली की ते काळ्या दगडावरची रेघ. हेडक्लार्कांना घाम फुटला. कारण दादा, म्हणजे त्यांचे थोरले बंधू, राहायचे तिसऱ्या मजल्यावर. ताई आणि भावोजी पहिल्या मजल्यावर. मधल्या मजल्यावर आईला घेऊन हेडक्लार्क आणि त्यांची बायको. तिन्ही बिऱ्हाडांचा जिना एकच, आणि गेल्या निवडणुकीपासून त्या जिन्यात दादा आणि भावोजी समोरासमोर आले की दादा छताकडे बघायचे आणि भावोजी विजेच्या मीटरचे आकडे वाचायचे. दोन वर्षांत भावोजींना सगळ्या इमारतीचा वीजवापर तोंडपाठ झाला होता.

भांडण झालं होतं ते झारी आणि कंगव्यावरून. झारी आणि कंगवा या दोन पक्षांच्या निशाण्या. दादा जन्मजात कंगवेवाले. भावोजी झारीवाले. जेवता जेवता दादा म्हणाले, "झारीला मत देणाऱ्याची अक्कल गळकी असते." भावोजी ताटावरून उठले. ताईला नवऱ्यामागून उठावं लागलं, आणि तिच्या आवडीचा पदार्थ अजून वाढायचाच होता, याचं दुःख तिला राजकारणापेक्षा जास्त झालं. तेव्हापासून ताई आईला भेटायला यायची ती दादा फिरायला बाहेर पडल्यावर.

हेडक्लार्क पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर एकतीस वर्षं बसून निवृत्त झालेले. एवढ्या वर्षांत त्यांनी एक सिद्धान्त काढला होता आणि तो ऐकायला कुणी तयार नसल्यामुळे तो अजून कोरा करकरीत होता. सिद्धान्त असा, की माणूस जे बोलतो ती तक्रार नसतेच. 'पाणी कमी दाबाने येतं' म्हणणाऱ्या माणसाला खरं सांगायचं असतं की शेजाऱ्याकडे जास्त दाबाने येतं. तेव्हा माणूस कुणाला मत देतो हे विचारू नये, का देतो ते विचारावं. 'का' कळलं की निम्मं भांडण संपतं. उरलेलं निम्मं कसं संपतं यावर हेडक्लार्कांनी अजून विचार केलेला नव्हता.

"मग विचारा ना दोघांना जाऊन," बायको म्हणाली. ती भाजी निवडत होती.

"अगं, सरळ दोघांनाच विचारलं तर संशय येईल. सगळ्या इमारतीलाच विचारायचं. त्यात हे दोघे आपोआप येतात. याला पद्धत म्हणतात."

"याला द्राविडी प्राणायाम म्हणतात," बायको म्हणाली, आणि भाजी घेऊन आत गेली.

दोन दिवस टेबलाशी बसून हेडक्लार्कांनी प्रपत्र तयार केलं. फॉर्म म्हटलेलं त्यांना आवडत नसे. त्यात सात प्रश्न. पहिले सहा साधे होते. पहिल्यांदा मत कधी दिलंत, कुणाच्या सांगण्यावरून दिलंत, पश्चात्ताप झाला का, झाला असल्यास किती दिवस टिकला, वगैरे. सातवा प्रश्न मात्र त्यांना पहाटे दाढी करताना सुचला आणि त्या आनंदात हनुवटीला कापलं. प्रश्न असा होता: 'दुसऱ्या पक्षाला मत देणाऱ्या, या इमारतीतील एका व्यक्तीचा उल्लेख करून तिच्यातील एक चांगला गुण लिहा.'

वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'माहिती संपूर्ण गोपनीय. नाव लिहू नये.' पण कुठलं प्रपत्र परत आलं आणि कुठलं नाही हे कळायला तर हवं. म्हणून उजव्या कोपऱ्यात क्रमांक घातला. आणि क्रमांक उगाच कुठला तरी घालण्यापेक्षा फ्लॅटचाच घातला. एकतीस वर्षांची सवय, हात आपोआप तिकडे वळला.

सतरा प्रपत्रं वाटताना इमारतीने सहकार्य केलं असं म्हणता येणार नाही. सल्ले मात्र भरपूर दिले. सेक्रेटरी म्हणाले, आधी सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. सभा बोलवायला एकवीस दिवसांची नोटीस हवी, आणि नोटीस लावायला फलकाची किल्ली हवी, ती गेल्या वर्षी हरवली आहे. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "असले प्रश्न माणसाच्या तोंडात भूल देऊन विचारावेत. उत्तर येत नाही, पण भांडणही होत नाही." शिकवणीच्या बाईंनी प्रपत्र ठेवून घेतलं आणि संध्याकाळी परत दिलं. त्यावर लाल शाईने चार शुद्धलेखनाच्या चुका काढल्या होत्या आणि खाली 'प्रयत्न बरा' असा शेरा होता. तो शेरा हेडक्लार्कांच्या जिव्हारी लागला. ज्या हाताने खात्याच्या तीन अभियंत्यांची टिपणं दुरुस्त केली, त्या हाताचा प्रयत्न बरा!

पण उत्तरं येऊ लागली तसे हेडक्लार्क सगळं विसरले. केवढा खजिना होता तो! निवृत्त बसकंडक्टर डोक्याने तुळतुळीत, तरी चाळीस वर्षं कंगव्याला मत देत होते. कारण काय, तर कंगव्याच्या पहिल्या उमेदवाराने एकदा त्यांच्या बसमध्ये एका गरोदर बाईला उठून जागा दिली होती. "तो माणूस कधीच वारला," कंडक्टर म्हणाले, "पण जागा दिली ती दिली." डॉक्टर झारीवाले. कारण कंगव्याची प्रचाराची गाडी दवाखान्यासमोर कर्ण्यात ओरडली तेव्हा ते एका दाढेत ड्रिल घालून उभे होते, आणि पेशंट दचकला. शिकवणीच्या बाई दोन्ही पक्षांची पत्रकं तपासून कमी चुका असलेल्याला मत देत. मागच्या खेपेला झारी चार, कंगवा सात. आणि चौथ्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या काकू आलटून पालटून मत देत. "कुणालाच सवय लागता कामा नये," त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं.

हेडक्लार्क रात्रीचं जेवण विसरून वाचत बसले. जाहीरनामे, धोरणं, टीव्हीवरच्या चर्चा यांचा कुठे मागमूस नव्हता. जो तो कुणाच्या तरी उपकाराला किंवा अपमानाला मत देत होता.

भडका उडाला तो सातव्या प्रश्नाने.

दुसऱ्या पक्षाच्या माणसाचा गुण लिहायचा म्हणजे आधी दुसऱ्या पक्षाचा माणूस ठरवायला हवा. त्यामुळे सगळी इमारत एकमेकांकडे निरखून बघू लागली. लिफ्टमध्ये लोक गप्प उभे राहायचे. 'हा आपल्याला कंगवेवाला समजतो की काय' अशा नजरेने जो तो दुसऱ्याला न्याहाळायचा. डॉक्टरांच्या पत्नीने वाटीभर साखर मागायला जाणं बंद केलं. आणि चौथ्या दिवशी बातमी फुटली की हेडक्लार्क घराघरांतल्या विरोधकांची यादी करतायत.

लोक एकेक करून दारात यायला लागले. पहिले आले कंडक्टर. चेहरा लाल.

"माझं नाव कुणी घातलं, सांगा!"

"गोपनीय आहे," हेडक्लार्क ताठ मानेने म्हणाले.

"मी इथे बावीस वर्षं राहतोय. मला विरोधक ठरवणारा कोण?"

"सांगता येणार नाही. नियमात बसत नाही."

कंडक्टर तावातावाने दोन पायऱ्या उतरले, थबकले, आणि परत वर आले. आवाज एकदम खाली आला होता.

"बरं, नाव नका सांगू. पण... गुण काय लिहिलाय?"

त्या दिवशी नऊ जण आले. नऊही जण भांडायला आले आणि नऊही जणांनी जाताना तेवढंच विचारलं. हेडक्लार्कांनी कुणालाच सांगितलं नाही. गोपनीय म्हणजे गोपनीय. त्यांच्या मते हा त्यांच्या सचोटीचा कळस होता. बायकोच्या मते लोकांना चहा तरी विचारायला हवा होता.

नवी निवडणूक तोंडावर आली होती, तेव्हा मग पक्षांचे कार्यकर्ते आले. आधी झारीवाले दोघे, गोडीगुलाबीने यादीची झेरॉक्स मागायला. हेडक्लार्कांनी नकार दिला. ते जिना उतरतायत तोच कंगव्याचे तिघे वर आले. त्यांनाही नकार. झारीवाल्यांनी कंगवेवाल्यांना वर जाताना बघितलं, कंगवेवाल्यांनी झारीवाल्यांना खाली येताना बघितलं, आणि दोन्ही पक्षांनी एकच निष्कर्ष काढला: हा माणूस फुटला आहे. दोघांनीही निवडणूक कार्यालयात तक्रार केली. दोन्ही तक्रारींतला मजकूर शब्दशः सारखा होता. समान भूमी शोधायला निघालेल्या हेडक्लार्कांचं ते पहिलं यश म्हणायला हरकत नाही.

रविवारी सकाळी अकरा वाजता भरारी पथक आलं. पथक म्हणजे एक अधिकारी, एक हवालदार आणि एक व्हिडिओवाला. अधिकारी मूळचे गुरांचे डॉक्टर. निवडणुकीसाठी त्यांना गोठ्यातून उचलून इथे आणलं होतं, आणि त्यांचा एकंदर वावर अजून तसाच होता. हेडक्लार्कांच्या खांद्यावर थोपटत ते म्हणाले, "घाबरू नका. शांत उभे राहा. दुखणार नाही."

"मी घाबरलेलो नाही. मी निवृत्त हेडक्लार्क आहे."

"असू दे, असू दे. आचारसंहितेच्या काळात विनापरवाना मतदारांची पाहणी केलीत. कागद जप्त करावे लागतील. पंचनामा करू. दोन निःपक्षपाती, प्रतिष्ठित पंच बोलवा."

इथे काम अडलं. एव्हाना अख्खी इमारत खाली पार्किंगमध्ये जमली होती. तीत प्रतिष्ठित सगळेच होते, पण एखाद्याला निःपक्षपाती म्हटलं की दुसरा हसायचा. सेक्रेटरींनी स्वतःचं नाव सुचवलं तेव्हा तर चौथ्या मजल्यावरच्या काकूही हसल्या. तेवढ्यात जिन्यावरून दादा धावत आले. पायात दोन वेगळ्या चपला.

"काय चाललंय? हा माझा धाकटा भाऊ आहे! याने आयुष्यात खात्याची टाचणी घरी आणलेली नाही!"

"अगदी खरं," मागून आवाज आला. भावोजी होते. "मी यांचा मेहुणा. या माणसाला लबाडी करायची म्हटली तरी जमणार नाही. तेवढी अक्कल नाही त्याच्यात."

बाजू घेण्याची ही तऱ्हा हेडक्लार्कांना आवडली नाही, पण वेळ बोलायची नव्हती.

"तुम्ही कुठले?" अधिकाऱ्यांनी दादांना विचारलं.

"कंगवा," दादा छाती काढून म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"झारी."

"झालं तर मग. निःपक्षपाती मिळत नसले की एकेका बाजूचा घ्यायचा. वजाबाकी होऊन शून्य येतं. बसा दोघे त्या बाकड्यावर. पंच क्रमांक एक मोठ्याने वाचतील, पंच क्रमांक दोन कागद बघून 'बरोबर' म्हणतील. प्रत्येक कागदाला. व्हिडिओ चालू आहे."

वॉचमनचं बाकडं. त्यावर दोघे बसले. मधे एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून बसले होते, पण कागद एकच, तेव्हा भावोजींना सरकावं लागलं. पहिले सहा प्रश्न अधिकाऱ्यांनी 'वाचले असं समजू' म्हणून सोडून दिले, कारण तक्रार होती सातव्याबद्दल.

दादांनी चष्मा लावला. "तळमजला, एक. 'बसकंडक्टर साहेब. गुण: लिफ्ट बंद असली की कुणाचीही पिशवी न विचारता वर नेतात.'"

भावोजींनी कागद बघितला. घसा खाकरला. दोन वर्षांत ते दादांशी पहिल्यांदा बोलत होते.

"बरोबर."

कंडक्टर गर्दीत मागे उभे होते. त्यांनी रिकाम्या डोक्यावरून दोनदा हात फिरवला आणि डॉक्टरांच्या दाराकडे बघितलं. डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होते.

"दोन. 'शिकवणीच्या बाई. गुण: माझ्या नातीला गणितात नापास केलं. ती नापास व्हायच्याच लायकीची होती. बाकी सगळे पास करत आले.'"

"बरोबर."

"'चौथ्या मजल्यावरच्या काकू. गुण: रेडिओ लावतात तो सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि गाणी चांगली असतात.'"

"बरोबर."

दादा वाचत गेले आणि भावोजी 'बरोबर' म्हणत गेले. दादांच्या तोंडून निघालेल्या ओळीमागून ओळीला भावोजी मान डोलवतायत, हे दृश्य बघायला ताई पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत अर्धी बाहेर वाकली होती आणि आई दुसऱ्या मजल्यावर खिडकीच्या गजांना धरून उभी होती. हवालदाराने टोपी काढली होती. व्हिडिओवाला कॅमेरा ज्याचं नाव निघेल त्याच्याकडे वळवत होता, आणि लोक त्याच्यासाठी केस सारखे करत होते.

मग पहिल्या मजल्याचा गठ्ठा आला. दादांनी वाचायला सुरुवात केली आणि त्यांचा आवाज अडखळला.

"'थोरले मेहुणे. गुण:'" ते थांबले. कागद जवळ नेला. "'गुण: शोधून कळवतो.'"

पार्किंगमध्ये हशा पिकला. दादांचे कान लाल झाले.

"पंच क्रमांक दोन?" अधिकारी म्हणाले.

"बरोबर," भावोजी पुटपुटले. इतका वेळ त्यांचा आवाज चांगला खणखणीत होता.

तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचल्यावर दादांनी एक कागद उचलला आणि घडी घालून हातात दाबून धरला.

"हा राहू दे."

"राहू दे कसा? जप्तीचा माल आहे."

"माझा आहे तो. मी वाचणार नाही."

"मग दुसरे पंच वाचतील." अधिकाऱ्यांनी हलक्या हाताने, वासराच्या तोंडातून दोरी काढावी तसा, तो कागद दादांच्या मुठीतून काढला आणि भावोजींना दिला.

भावोजींनी सवयीप्रमाणे मोठ्याने सुरुवात केली. "'पहिल्या मजल्यावरचे मेहुणे. गुण: आईच्या गोळ्या संपायच्या आत नवी पाकिटं आईच्या दाराच्या कडीला अडकवलेली असतात. कोण अडकवतं ते मला ठाऊक आहे. मी पावलं ओळखतो.'"

कुणी हसलं नाही. भावोजींनी चुरगळलेला कागद मांडीवर ठेवून हाताने सपाट केला.

"बरोबर?" अधिकाऱ्यांनी दादांना विचारलं.

"लिहिलंय तसं आहे," दादा छताकडे बघत म्हणाले. पार्किंगला छत नव्हतं, त्यामुळे ते आकाशाकडे बघत होते.

"साहेब," भावोजी अधिकाऱ्यांना म्हणाले, "माझ्या कागदावर थोडी दुरुस्ती करता येईल?"

"जप्तीनंतर खाडाखोड चालत नाही. स्वतंत्र अर्ज करा."

अर्ज करायची गरज पडली नाही. वाढदिवसाला दोघे एका टेबलावर बसले. केकचा दुसरा तुकडा होईपर्यंत शांतता टिकली. मग दादा म्हणाले की काहीही म्हणा, झारीचा या वेळचा उमेदवार म्हणजे निव्वळ भोक पडलेलं भांडं. भावोजी म्हणाले, कंगव्याला दात तरी किती उरलेत! आवाज चढले, ताईने कपाळाला हात लावला, पण उठलं कुणीच नाही. भावोजींनी तर भांडता भांडता दादांच्या बशीतला केकवरचा गुलाब उचलून खाल्ला, आणि दादांना ते कळलंही नाही.

"आई, थांबवू का यांना?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"कशाला?" आई म्हणाली. "गप्प होते तेव्हा मला घास जात नव्हता. दे आणखी एक तुकडा."

निवडणूक झाली. हेडक्लार्कांच्या अंदाजाप्रमाणे चौथ्या मजल्यावरच्या काकूंचं सोडलं तर इमारतीतलं एकही मत इकडचं तिकडे झालं नाही. त्यांनी अधिकृत चौकशीला उत्तर म्हणून नऊ पानी खुलासा पाठवला, त्याची पोच आली नाही, आणि हा विषय तिथेच संपायला हवा होता. पण निवडणूक कार्यालयातून एक दिवस त्यांच्या ओळखीच्या कारकुनाचा फोन आला.

"साहेब, तुमच्या इमारतीची माणसं आम्हाला काम करू देईनात. रोज रांग. सगळ्यांना जप्त कागदांची साक्षांकित नक्कल पाहिजे. आपापल्या गुणापुरती. एका डॉक्टरांना फ्रेम करायची आहे म्हणे."

हेडक्लार्क दुसऱ्याच दिवशी तिथे गेले. व्यवस्था बघायला, असं बायकोला सांगितलं. रांगेत डॉक्टर आणि कंडक्टर पुढेमागे उभे होते आणि झारी-कंगव्यावरून हमरीतुमरीवर आले होते. मधेच एकाने दुसऱ्याला अर्ज भरायला पेन दिलं. हेडक्लार्कांचा नंबर आला तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला.

"सहज विचारतो. माझ्याबद्दल कुणी काय लिहिलंय?"

कारकुनाने सतरा कागद वरून खाली बघितले, मग खालून वर.

"तुमचं नाव कुठेच नाही, साहेब."

"नीट बघा. दुसऱ्या मजल्यावरचे, किंवा पाणीपुरवठ्याचे, असं काहीतरी."

"नाही ना. म्हणजे झारीवाल्यांना तुम्ही झारीचे वाटलात, कंगवेवाल्यांना कंगव्याचे. दुसऱ्या बाजूचे कुणालाच वाटला नाहीत. चांगलंच आहे की!"

हेडक्लार्कांना त्यात काही चांगलं दिसेना. एकतीस वर्षं खिडकीत बसून येणाऱ्या प्रत्येकाला 'तुमचं म्हणणं रास्त आहे' असं सांगितल्याचं हे फळ. कंडक्टर शासकीय शिक्का मारलेला गुण खिशात घालून गेले. आणि ज्याने प्रश्न काढला, तो प्रपत्रकार गुणाविना घरी परतला. येताना त्यांनी बसमध्ये कुणालाच जागा दिली नाही.

घरी बायको इस्त्री करत होती. त्यांनी सगळी हकीकत सांगितली, अगदी 'प्रयत्न बरा' या शेऱ्यापासून.

"सतरा कागदांत एकसुद्धा नाही! सतरा बिऱ्हाडांत एका माणसाला माझ्यात काही..."

"मला कुठे दिला होतात कागद?" बायको म्हणाली.

"तुला? अगं, घरात कशाला द्यायचा? प्रश्न दुसऱ्या पक्षाच्या माणसाबद्दल होता. आपलं मत एकच."

बायकोने इस्त्री उभी करून ठेवली.

"असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

चौतीस वर्षं दोघं मतदानाला एकत्र जात, एकत्र येत, येताना चहा घेत. केंद्रात पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती एकटी असायची हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"किती वर्षं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"पहिल्यापासून."

"पण का?"

"तेच तर सहा प्रश्नांत विचारलंय ना तुम्ही? आणा एखादा उरलेला."

त्यांनी खणातून कोरं प्रपत्र काढून दिलं. ती टेबलाशी बसली. पहिले सहा प्रश्न तिने एका दमात लिहून काढले, कुठेही न अडता, जणू उत्तरं फार दिवस तयार होती. सातव्याला पेन थांबलं. तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, अगदी सावकाश.

"एकच लिहायचा?"

"एकच," हेडक्लार्क म्हणाले. "का, जास्त आहेत?"

"बसा खाली," ती म्हणाली. "आठवू दे."

आणि तिने कागदावर डावा हात आडवा धरला, परीक्षेत शेजारच्याने कॉपी करू नये म्हणून धरतात तसा, आणि लिहायला लागली.